शर्यतीत लावलेलं कुलूप

अन्याय माझ्या सायकलीवर झाला. कधी? गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी, उजनीच्या काठावर, मी धावत शेवटची रेघ ओलांडली त्याच क्षणी. शर्यत अशी की आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि सगळं ठरलेल्या वेळेत. तव्यावरची भाकरी उलटायला लागतो तेवढा उशीर झाला आणि पदक हुकलं. तिथले एक अनुभवी दादा माझी सायकल उचलून बघत म्हणाले, “ही सायकल आहे का गॅसची टाकी? हलकी घे, नाहीतर हा नाद सोड.”

मी पत्रकं लिहिणारा माणूस. असा वरून निकाल दिलेला मला सोसत नाही. घरी येऊन लगेच लिहायला बसलो, ‘खेळ काय श्रीमंतांच्या सायकलींचा आहे?’ पण पुढं लिहवेना. दादा खरं बोलत असतील तर? पुढच्या वर्षीही असंच हुकलं तर?

माझ्याबरोबर सराव करणारी मैत्रीण बँकेत कारकून आहे. तिची हलकी सायकल घेऊन मी मंद्रूपपर्यंत जाऊन आलो. स्पष्टच लिहितो, ती सायकल पळते. चढ कधी संपला कळलं नाही. परत आलो तो घ्यायचीच असं ठरवून.

आई मूळची मंद्रूपची. ती सायकल तिनं एका हातानं सहज उचलली आणि तिचा चेहराच पडला. “ही घेणार व्हय तू? आरं, ही तर कुणीबी बगलेत मारून न्हेईल की.”

“आई, शर्यतीत कोण चोरतंय?”

“म्हून तर त्या दिवशी काठावरनं वरडले, कुलूप लाव म्हून. लावलंस की न्हाय?”

मैत्रीण हातातला चहा सांडेपर्यंत हसली. “थांबा काकू. यानं शर्यतीत कुलूप लावलं?”

लावलं होतं. दोनदा. आमच्या घरची एक सायकल मंगळवारच्या बाजारातून गेली, तेव्हापासून कुलूप लावल्याशिवाय सायकल सोडायची नाही हा आमच्याकडचा कायदा आहे. पोहायला उतरण्याआधी लावलं, चावी चड्डीच्या नाडीला बांधली. पाण्यातून आल्यावर ती ओली गाठ सुटता सुटेना. सायकलवरून उतरून धावायला निघालो तेव्हा आईची हाक आली, मी मागं फिरलो आणि पुन्हा लावलं. इतर लोक पळत होते, मी कुलपाची साखळी ओवत होतो.

मैत्रिणीनं मला अख्खी शर्यत पुन्हा करायला लावली. तेच पाणी, तोच रस्ता, माझीच जड सायकल, फक्त कुलूप नाही. सायकलीजवळ पहाऱ्याला आई खुर्ची टाकून बसली. वेळेच्या आत आलो, श्वास घ्यायला उसंत ठेवून.

हलकी सायकल चांगलीच आहे. पण मला ती यंदा नको. माझी सायकल मला पोचवते हे आता मला ठाऊक आहे, आणि मी मजेत आहे.

तेव्हा अनुभवी दादांनो, ताईंनो, नवशिका हरला की त्याला दुकानाचा रस्ता दाखवू नका. आधी त्याच्याशेजारी बसा, त्याचा वेळ नेमका कुठं गेला ते त्याला विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहा.