वहिनीचा सढळ हात

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. कारण तिची सख्खी नणंद तिथल्याच प्रयोगशाळेत होती, आणि नणंदेची हाक खणखणीत होती.

वहिनीकडे औषधखोली. पाणी गाळणाऱ्या पडद्यांवर क्षारांची खपली धरू नये म्हणून पाण्यात आधी थेंबथेंब औषध सोडावं लागतं. त्या पंपाची चावी वहिनीच्या हाती. ती नवीन होती तेव्हा एकदा औषध कमी पडलं, पडदे दगड झाले आणि गावाचे नळ कोरडे पडले. तेव्हापासून चावी ठरलेल्या खुणेवर आली, की ती वर आणखी एक पीळ द्यायचीच.

"वहिनी, पुरे! जास्तीचं औषध गाळ बसवायच्या औषधाला चिकटतं. डिंक होईल डिंक!" नणंद ओरडायची.

"असू दे गं. जास्तीनं कुणाचं वाईट झालंय?"

झालं! दाबाचा काटा चढू लागला, गोडं पाणी रोडावलं. साहेबांनी पडद्याचं एक नळकांडं उघडायला लावलं. आत खपली नव्हतीच. तपकिरी, बुळबुळीत थर होता. नणंदेनं वहिनीकडे चोरून पाहिलं.

"शेवाळ असेल, साहेब."

"शेवाळ कसलं!" वहिनी पुढे झाली. "डिंक आहे तो. माझ्या हातचा."

साहेबांनी नळकांडं बंद करायला लावलं. मग म्हणाले, "पडदे धुऊन घेऊ. महिनाभर चावी खुणेवर राहिली तर खोली तुमची. हलली, तर गोदाम."

गोदाम! पंपाची टकटक कानावर नसेल तर वहिनीला रविवारीसुद्धा करमत नसे.

पडदे धुतले, काटा उतरला. वहिनी हात पाठीशी बांधून फिरू लागली.

"वहिनी, चहात साखर नाही म्हणून दादा कुरकुरतोय."

"हात आखडायचा म्हटलं, की सगळीकडेच आखडतो बाई!"

आणि एका सकाळी काटा पुन्हा चढला. वहिनीचा हात चावीपर्यंत गेला. नमुन्याची बाटली घेऊन नणंद दारातच थबकली.

वहिनीनं हात मागे घेतला आणि समुद्राच्या पाण्याच्या नळाखाली धरला.

"अगं, बर्फ झालंय नुसतं!"

"रात्रीपासून गारठलंय. गार पाणी ढकलायला दाब जास्तच लागतो."

"म्हणजे हे औषधाचं दुखणं नव्हे."

"नव्हे."

"हात लावायचा नाही."

"नाही."

"एवढासासुद्धा?"

"वहिनी!"

वहिनीनं स्टूल ओढलं आणि चावीकडे पाठ करून बसली.

महिना भरला तेव्हा साहेब स्वतः औषधखोलीत आले. खूण पाहिली, चावी पाहिली.

"गोदामासाठी दुसरं कुणीतरी शोधायला हवं आता."

"शोधा की," वहिनी म्हणाली. "फक्त माझ्या नणंदेला हात लावू नका!"