मानखालीचा हत्ती

अहो, आमच्या गल्लीत हत्ती आला! सोंड नाही, शेपूट नाही, पण उतरवताना चौघांना घाम फुटला. टेम्पोतून निघाला तो थेट मानखालीच्या सलूनमध्ये.

मानखाली म्हणजे माझा शेजारी. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘मान खाली’ म्हणतो, म्हणून हे नाव. दुकान काडेपेटीएवढं, त्यात या पठ्ठ्यानं आणली पायानं दाबली की वर जाणारी, मागे लवंडणारी कातडी खुर्ची! त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, नव्या ओट्यासाठी साठवलेलं सगळं या खुर्चीनं गिळलं.

वहिनी एवढंच म्हणाल्या, “हत्ती घेणं सोपं असतं. पोसणार कोण?”

टेम्पोवाला भला माणूस. नाही पटली तर संध्याकाळी परत नेतो, म्हणाला. वहिनींनी त्याला लगेच ‘नक्की याच’ म्हणून सांगितलं. मानखालीचं तोंड एवढंसं झालं.

त्यात खुर्ची लवंडली आणि तिची पाठ दारातून थेट रस्त्यावर! हा बाबा सगळं फणीनं मोजतो. खुर्चीही मोजली होती, पण ताठ उभी असताना. गल्ली खो खो हसली. मी तर विचारलं, डोकं बाहेर ठेवायचं भाडं वेगळं का?

सगळ्यात जोरात हसले त्याचे सासरे. त्यांची मान आखडलेली. खाली होत नाही, वर होत नाही. त्यामुळे जावयाकडून दाढीच होईना, जंगल माजलेलं. “बघू तरी हत्तीची सवारी,” म्हणत मुद्दाम बसले, खुर्चीची खोड काढायला.

मानखालीनं पायानं खुर्ची दाबली. सासरे अलगद आडवे झाले, डोकं उन्हात, मानेखाली गादी. वस्तरा फिरू लागला. आधी टोमणे थांबले, मग कुरकुर, आणि मग, अहो, चक्क घोरणं! सायकलवाले घंटी न वाजवता वळसा घालून जाऊ लागले.

तेवढ्यात टेम्पो आला. भोंगा वाजवणार, तोच वहिनी पदर खोचून पुढे धावल्या. मानखालीचा वस्तरा हवेतच थांबला.

“हळू,” त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, “बाबा कित्येक महिन्यांनी असे निजलेत.”

“मग खुर्ची?”

वहिनींनी वडिलांचा गुळगुळीत गाल पाहिला, मग नवऱ्याकडे डोळे वटारले. “राहू दे. ओटा मात्र यांच्याकडूनच वसूल करीन.”

टेम्पो रिकामाच गेला. मी रांगेत नंबर लावलाय.