तुरीचा भुंगेरा, अंबाडीचा भुंगेरा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी सरांनी माझी कीटकांची पेटी पुढे सरकवली. "एकच जात आहे. काही मोठे, काही लहान. पटत नसेल तर ताजे नर आणून दाखवा, नाहीतर विषय बदला." पेटीत काळ्या-केशरी पट्ट्यांचे भुंगेरे होते, अंगाला लागले की फोड आणणारे. ते दोन जातींचे आहेत असं माझं वर्षभराचं म्हणणं, पण वेगळे करायची खूण सापडत नव्हती. मला रडू फुटणार होतं, पण मी हट्टी. रविवारी सकाळी धरमपेठेतल्या घरून निघाले आणि कळमेश्वरची एसटी पकडली.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. बस खडखडत जायची, तिकीट किरकोळ. कोणी जाणार असाल तर ऑक्टोबर बरा, तूर आणि अंबाडी दोन्ही फुलावर असतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि पाणी भरपूर घ्या. मी कमीच नेलं होतं.

गावाबाहेरच्या शेतात तासाभरात बरणी भरली. बांधावर भाकर खात बसलेल्या एक मावशी बघत होत्या.

"काहून वं पोरी, दोघायले एकाच बरणीत काहून कोंबून राहिली?"

"दोघांना? पट्टे तर सगळ्यांचे सारखेच आहेत की, मावशी."

"पट्टे काय पाहून राहिली? झाड पाह्य ना! हा तुरीचा, तो अंबाडीचा. इकडचा तिकडं जात नाही."

मी चाटच पडले. वर्षभर मी लेबलांवर गाव लिहिलं, तारीख लिहिली. झाड कधीच लिहिलं नव्हतं. बरणी तिथेच उपडी केली. एक भुंगेरा मी घाईत बोटांनीच उचलायला गेले तर मावशी ओरडल्या, "हात नको लावू वं, फोड येते!" मग त्यांनी चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघींनी दोन बरण्या नव्याने भरल्या. असं चविष्ट चून मी पुन्हा खाल्लं नाही.

सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली नरांची पोटं उघडली. आतल्या जननेंद्रियावर हुकासारखे दोन बारीक आकडे असतात, जात त्यांवरूनच ठरते. तुरीवाल्यांचे एकमेकांच्या जवळ होते, अंबाडीवाल्यांचे एकमेकांपासून दूर. एकही अपवाद नाही! सरांनी बराच वेळ भिंगातून डोळा काढला नाही.

"दोन आहेत," ते म्हणाले. "वेगळे कसे केलेत?"

मी मावशींचं सांगितलं.

"मग प्रबंधाच्या आभारात पहिलं नाव त्यांचं घाला."

मी मान डोलावली आणि घरी येऊन कोरा कागद पुढे घेऊन बसले. त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा कळमेश्वरची एसटी पकडली, या वेळी रिकाम्या हाताने, फक्त तेवढंच विचारायला.