साडेतीनशेचा सूर

"चालून राहिलं ना? मग कशाला डिवचतो त्याला?" एका कानावरचा हेडफोन वर सरकवून काका म्हणायचे. त्यांच्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये काही सुधारू का, असं मी वहीवर लिहून विचारलं की हेच उत्तर. मग हेडफोन परत कानावर आणि विषय संपला.

लिहून अशासाठी, की कान गेले होते. आयुष्य टेलिफोन खात्यात काढलेला हा माणूस लातूरच्या घरात फोनला हात लावत नसे. माणसांचं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण, म्हणायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, लग्नात कोपऱ्यात बसून उगाच मान डोलवणारी. काकांना ऐकू यायचा तो फक्त हौशी रेडिओवरचा मोर्स, तारेसारखी टूं-टूंची भाषा, तोही स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममधून. रोज सकाळी सातला भोकरचे एक निवृत्त गुरुजी आणि आणखी दोघं-तिघं तिथं भेटायचे. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची नात पास झाली. दिवसभरात काकांचं खरं बोलणं तेवढंच.

प्रोग्राम सगळ्यांसाठी फुकट आणि खुला. पण तो उभा होता दुसऱ्यांनी लिहिलेल्या जुन्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे कोडच्या आयत्या तुकड्यांवर. आवाज काढायला एक, पडद्यावरच्या खिडक्या दाखवायला दुसरी. काकांचा संगणक बंद पडला आणि नवा त्या लायब्रऱ्यांना दारात उभं करेना. काकूंचा मला नांदेडला फोन आला, चार दिवस झाले, हे कुणाशीच बोलले न्हाईत.

मी भिडलो. नोकरी सांभाळून एकेक जुनी लायब्ररी काढली, नवी बसवली. आवाजाच्या भागात एक आकडा भेटला, साडेतीनशे. मोर्सचा सूर किती उंच वाजवायचा, त्याचा. बहुतेक लोक सातशेच्या आसपास ठेवतात. शेजारी ना खुलासा, ना टीप. काकांना लिहायचा भारी कंटाळा. जुनी चूक असेल म्हणून मी सातशे केला. उंच सूर त्यांच्या कानांतून केव्हाच गेले होते, म्हणून त्यांनी तो खाली आणला होता, हे मला तेव्हा सुचलंच नाही. विचारायला काय जात होतं माझं? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

नांदेडहूनच नवा प्रोग्राम त्यांच्याकडे चढवला. कसा वाटला विचारलं, तर काकूंमार्फत निरोप आला, लई छान केलं म्हणतात. मी खूश.

पुढं भोकरच्या गुरुजींनी मला फोन केला. आम्ही उत्तर देत असतानाच काका परत हाक देतात, म्हणाले, डोकं फिरलं का त्यांचं? मी म्हणालो, वय झालं आता. असं मी म्हणालो. हळूहळू मंडळींनी उत्तर देणं सोडलं.

तीन महिन्यांनी काका झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लातूरला गेलो. जेवणं उरकल्यावर काकू शेजारी येऊन बसल्या.

"तू नवं बसवलं त्या पहिल्याच दिवशी म्हणाले, राहिलेले कानबी गेले. त्याला सांगू नको, लई राबलाय तो."

तरी रोज सातला बसायचे, म्हणाल्या. हाक द्यायचे आणि हेडफोन दाबून धरायचे.

आत्ता कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. लाज वाटली, स्वतःचा भयंकर राग आला. उठलो, त्यांचा संगणक लावला, आकडा पुन्हा साडेतीनशे केला. आणि काकूंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

त्यांनी पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"किती वेळ लागला रे ह्याला?"

"दोन मिनिटं," मी म्हणालो.