लाल कूप देणे आहे

गाडी विकली की तिचं नाव कुणी काढत नाही. गिऱ्हाईक हार घालतं, नारळ फोडतं, धूळ उडवत जातं, विषय संपला. किस्से होतात ते न विकलेल्या गाडीचे. ती जागची हलत नाही आणि येणारा-जाणारा तिच्यावर एकेक वाक्य टाकून जातो. आमच्याकडं अशी एक लाल गाडी तीन वर्षं उभी होती. घरी कुणी आलं की चहा उकळेपर्यंत तिचे दोन किस्से सहज होतात. तेच इथं लिहिते.

आळेफाट्याच्या अलीकडं हायवेला आमचं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. पुढं पत्र्याची शेड आणि आठ-दहा गाड्या, मागं दोन खोल्यांत आम्ही. मी, हे, माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, आणि आमची तीन वर्षांची स्वरा. शेडमधल्या बहुतेक गाड्या लोकांनी विकायला ठेवलेल्या, त्या आपल्याला वापरता येत नाहीत. लाल गाडी मात्र आमची स्वतःची. स्वरा पोटात होती तेव्हा ह्यांनी पुण्याच्या एका माणसाला आमची घरची चार दारांची गाडी दिली आणि बदल्यात ही आणली. दोनच दारं, जमिनीला टेकल्यासारखी बैठक, मागची सीट नुसती नावाला. वय तेव्हाच अकरा वर्षं.

हे म्हणाले, "स्पोर्टी हाय. हप्त्यात उठंल."

पहिल्या वर्षी बघायला लई लोक आले. दुसऱ्या वर्षी कमी. तिसऱ्या वर्षी जे यायचे ते तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे आणि शेजारच्या उंच गाडीचा भाव विचारायचे.

मला मात्र ती जायला हवी होती. स्वराला ताप चढला की झटका येतो. पहिल्यांदा आला तेव्हा लाल गाडीची बॅटरी काढून ठेवलेली होती. नारायणगावच्या दवाखान्यापर्यंत आम्ही मोटारसायकलवर गेलो, स्वरा आमच्या दोघांच्या मध्ये आडवी, पाय वाऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांची होईपर्यंत जपा. ताप आला की वेळ घालवू नका." तेव्हापासून माझा एक हात तिच्या कपाळावरच असतो. ह्यांनी शब्द दिला, "लाल गेली की घरची गाडी. चार दारांची."

मग लाल गाडीचं प्रत्येक गिऱ्हाईक मला माहेरच्या माणसासारखं वाटायला लागलं. चहा मीच घेऊन जायचे.

*

गाडी जाईना म्हणून पाटी लावायची ठरली. पेंटर आला तेव्हा हे बाहेर होते. मी फोन करून विचारलं, "काय लिहू?" तिकडं ट्रकचे हॉर्न. हे म्हणाले, "लिही, लाल कूपे देणे आहे."

दोन दारांच्या अशा गाडीला कूपे म्हणतात हे मला काय माहीत? मला ऐकू आलं कूप. शाळेत कूप म्हणजे विहीर शिकवलेलं. म्हटलं, गाड्यांतही असेल काहीतरी. चिठ्ठीवर लिहून दिलं, 'लाल कूप देणे आहे', खाली ह्यांचा नंबर. पेंटरनं वळणदार अक्षरात तेच रंगवलं.

संध्याकाळीच फोन आला. ह्यांनी स्पीकरवर लावला.

"भाऊ, पाटी वाचली. कूप चालू हाय का?"

"एकदम चालू. हप्त्यातनं एकदा चालू करतो, दहा मिन्टं."

"दहाच मिन्टं? मंग बंद पडतो का?"

"न्हाई वो, मीच बंद करतो. उगाच इंजिन तापतं."

"इंजिन हाय व्हय अजून? बरं, पाणी कसं हाय?"

"पाण्याची काळजीच करू नका. रोज सकाळी बघतो. कमी वाटलं की वरनं वततो."

मग तो माणूस म्हणाला, "वरनं वतताय? मंग कूप कशाला इकताय राव, टँकर इका."

हे बाहेर गेले, पाटी वाचली, परत आले. मामा म्हणाले, "पाटी राहू दे. फोन तरी येतोय."

*

पिंपळवंडीचे एक बागायतदार आले. बरोबर मुलगा आणि नवी सून. मुलाला गाडी फार आवडली. चक्कर मारायला निघाले. मुलगा स्टेअरिंगवर, वडील मानानं पुढं, सून मागं.

पण मागं जायचं तर पुढची सीट पाडावी लागते. म्हणून सासरे उतरले, सून आत शिरली, सासरे बसले. थोडं पुढं गेल्यावर सुनेला मळमळलं. सासरे उतरले, सून उतरली, सून चढली, सासरे चढले. मग तिची ओढणी दारात अडकली. पुन्हा तेच. मग रसवंती दिसली.

अर्ध्या तासानं परत आले तेव्हा सासरे टोपीनं वारा घेत होते. हे म्हणाले, "कशी वाटली?"

"गाडी चांगली हाय. पण आमच्यात सासऱ्याला बघून सून उठती. तुमच्या गाडीत सुनंला बघून सासरा उठतोय."

मामा म्हणाले, "मंग सूनबाईला पुढं बसवा."

"आन मी मागं? मागं माझी पिशवी बसंना."

ते निघाले. सून शेवटी होती. कप माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "मला पसंत हाय ताई."

*

एका म्हातारीनं तर नातवाला गाडी घेऊच दिली नाही. आमच्या भागात उसात बिबट्या. वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात, रानात खाली बसू नका, वाकू नका, बसलेला माणूस त्याला जनावर वाटतो. म्हातारी गाडीत बसली. काचेतून तिला दिसलं ते शेजारच्या जीपचं चाक. तशीच उतरली.

"फॉरेस्टवाला सांगतोय खाली बसू नगा. आन ही गाडी बसवूनच उसातनं नेती."

नातू म्हणाला, "आज्जे, काचा हायेत की."

"काचा हायेत हे तुला ठावं. त्याला कुणी सांगायचं?"

*

मामांचं म्हणणं, गिऱ्हाईक येत नसेल तर आपण गिऱ्हाइकाकडं जावं. एक दिवस ते आणि हे लाल गाडी घेऊन बेल्ह्याच्या बैलबाजारात गेले. बैलांच्या रांगेला लागून गाडी लावली. मामांना शांत उभं राहवत नाही. ते ओरडायला लागले, "दोनदारी, दोनदारी!"

एक व्यापारी आला. बैलाचं वय दातांवरून धरतात; नुकते दोन दात आले की त्याला दोनदाती म्हणतात, ऐन उमेदीचं जनावर. त्याला तेच ऐकू आलं. त्यानं इकडं-तिकडं बघितलं.

"दोनदाती कुठंय?"

"ही काय," मामांनी गाडीवर थाप मारली. "दोनदारी."

"असं व्हय. वय काय हिचं?"

"तेरा सरून चौदावं."

"मंग लई पळाली आसंल."

हे पुढं झाले. काटा दाखवून म्हणाले, "न्हाई वो, हे बघा किलोमीटर. वयाच्या मानानं कायच न्हाई."

व्यापाऱ्यानं वाकून काटा बघितला, मग ह्यांच्याकडं बघितलं.

"आमच्याकडंबी वय लपवाया दात घासत्यात," म्हणाला आणि बैलांकडं गेला.

*

तळेघरच्या एका शिक्षकांना गाडी पसंत पडली. अट एकच, आधी घरापर्यंत नेऊन दाखवा. हे उत्साहानं गेले, बरोबर ते शिक्षक आणि त्यांचे दोन मित्र. डांबर होतं तिथपर्यंत सगळं ठीक. पुढं चढाला प्रत्येक दगडावर गाडीचं पोट घासायला लागलं. वजन कमी करायला आधी मित्र उतरले, मग शिक्षक उतरले. शेवटी एकजण पुढून दगड दाखवतोय, दोघं बाजूनं वाकून पोट बघतायत, आणि हे एकटे आत, चालण्यापेक्षा हळू.

समोरून एक बाई डोक्यावर भाताचा भारा घेऊन उतरत होती. तिनं बाजूला होऊन वाट दिली, चौघांकडं नीट बघितलं आणि विचारलं, "गाडीला घरी सोडाया आलाय व्हय?"

शिक्षकांनी तिथंच हात जोडले. आता ते एसटीनं जातात.

*

मागच्या थंडीत एका दुपारी स्वराला हात लावला तर कपाळ तव्यासारखं. डोळे वर जातायत असं मला वाटलं. नुसतं वाटलं, पण मी ओरडले. ह्यांनी लाल गाडी काढली. तिला आडवी धरता यावी म्हणून मी तिला घेऊन मागं शिरले, गुडघे हनुवटीला, मान वाकडी. गाडी पळाली मात्र. एवढी पळते हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं.

दवाखान्यात पोचलो आणि सीट पाडायची दांडी अडकली. हलेना. मी स्वराला पुढच्या सीटवरून ह्यांच्या हातात दिलं आणि हे आत पळाले. मी मागं तशीच. दार उघडं, समोर पायऱ्या दिसतायत, लेकरू आत, आणि मी घडी घातल्यासारखी बसून रडतेय.

वॉचमन आला. "ताई, उतरा."

"उतरता येत न्हाई."

तो धावत गेला आणि व्हीलचेअर घेऊन आला. मागून एक सिस्टर. तिनं पुढच्या सीटवरून वाकून माझी नाडी धरली. "कधीपासून पाय उचलत नाहीयेत?"

"पाय चांगले हायेत वो, सीट पडत न्हाई. माझी मुलगी आत हाय."

"शांत व्हा. मुलीला बोलवू. नाव काय मुलीचं? मोठी आहे ना, सही करायला?"

मी म्हटलं, "तीन वर्सांची."

तेवढ्यात हे बाहेर आले. स्वरा खांद्यावर, हातात औषधाची बाटली. झटका आला नव्हता, ताप उतरायला लागला होता. तिनं व्हीलचेअर बघितली आणि तिला त्यात बसायचं म्हणून रडायला लागली. दोन माणसांनी सीट वर उचलून मला बाहेर काढलं.

परत येताना मी पुढं बसले, स्वरा मांडीवर. ह्यांना एवढंच म्हटलं, "महिन्याच्या आत."

हे म्हणाले, "व्हय."

*

महिना संपायला चार दिवस होते. दुपारी एक पिकअप येऊन थांबली. पठारावरचे एक म्हातारबाबा स्वतः चालवत आलेले, शेजारी त्यांची म्हातारी. जन्मभर मेंढरं राखली, आता कळप मुलांकडं दिलेला. बाबा लाल गाडीभोवती एकदा फिरले. म्हातारीनं दार उघडलं आणि विचारायच्या आधीच आत जाऊन बसली.

मी चहा घेऊन गेले. मला माहीत होतं, मागच्या सीटचं निघणार. निघालंच.

"मागं माणूस बसतो का?"

हे म्हणाले, "म्हंजे तसं जरा..."

"न्हाई बसत," मामा म्हणाले.

हे मामांकडं बघत राहिले.

"योकबी न्हाई?"

"योकबी न्हाई."

"ल्योक, सून, नातवंडं, कुनीच न्हाई?"

"कुनीच न्हाई. पिशवीबी नीट बसत न्हाई."

बाबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"मंग ही द्या. सारा जलम मागं दोनशे मेंढरं चालली. आता मागं कुनी नगं."

कागद झाले. नारळ फुटला. मी म्हातारीला हळदकुंकू लावायला खिडकीशी गेले, तर तिनं माझा हात धरून जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "पोरी, ह्याला आतनं कडी कुटं आस्ती?"

मी दाखवली. तिनं लावून बघितली, काढली, पुन्हा लावली. गाडी हायवेला लागली आणि दिसेनाशी झाली.

मी ह्यांना म्हटलं, "आता घरची गाडी."

ह्यांनी मान खाली घातली. मी वळून बघितलं तर पिकअप तिथंच उभी होती.

"बदल्यात दिली त्यांनी," हे म्हणाले.

मी पिकअपला पूर्ण फेरी मारली. एका बाजूला एक दार, दुसऱ्या बाजूला एक दार.

"किती कबूल केली व्हती?"

मामा घसा साफ करून म्हणाले, "मागचा फाळका धरला तर तीन हायेत."

मी स्वराला उचललं आणि पिकअपमध्ये चढले. आत मेंढरांचा वास अजून होता. पण बसायला उंच, आणि शेजारची सीट एकसलग. स्वराला आडवी निजवली, डोकं माझ्या मांडीवर. तिनं पाय लांब केले, तरी पलीकडं वीतभर जागा उरली. मी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. दार आतून ढकललं तर एका धक्क्यात उघडलं, पुन्हा ओढलं तर नीट लागलं. असं मी तीनदा केलं.

हे खिडकीशी आले. "हप्ताभर थांब. पिकअपला गिऱ्हाईक लगीच मिळतं. मंग बघू चार दारांची."

"हिला पुढं रांगेत लावू नका," मी म्हटलं. "मागं आपल्या दारात लावा."