कॉलेजचं स्थळ

"आमी स्थळ बघायला आलोत," असं आत्या कॉलेजच्या गेटवरच्या शिपायाला सांगायच्या. शिपाई आधी त्यांच्याकडे बघायचा, मग त्यांच्यासोबतच्या नववीतल्या पोरीकडे, मग पोरीच्या आईकडे. परभणीच्या एका कॉलेजात तर शिपाई आत गेला आणि एका बिनलग्नाच्या सरांनाच घेऊन आला. सर केस नीट करत आले होते. आत्यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "तुमी काय शिकवता? रोज शिकवता का?"

सर भौतिकशास्त्र शिकवायचे, आणि रोज शिकवायचे. आत्यांनी तेवढं मनात नोंदवलं आणि मुलींचा संडास कुठे आहे ते विचारलं.

पूर्णेत रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या, माझ्या घरापासून दोन घरं सोडून. त्यांचे यजमान रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणायची, मीही म्हणायचे. त्या मला बाई म्हणायच्या, कारण मी इथल्या शाळेत नववी-दहावीला शिकवते. एके काळी त्या सोयरिकी जुळवायच्या. चुडाव्यापासून पेडगावपर्यंत त्यांनी जुळवलेली घरं आहेत, आणि सांगायला हरकत नाही, बहुतेक घरं नीट चालली आहेत. मग एक दिवस त्यांनी ते काम सोडलं ते सोडलंच. कुणी स्थळाची चौकशी करायला आलं की म्हणायच्या, "आता आमी फकस्त कॉलेजं बघतोत."

लोक हसायचे. मीही सुरुवातीला हसले. पण तुम्हीच सांगा, त्यांचं म्हणणं काय चुकीचं होतं? पोरगी द्यायची म्हटलं की आपल्याकडे अख्खं खानदान चौकशीला निघतं. मुलाचा स्वभाव, घरातलं पाणी, शेतातलं पाणी, सासूची जीभ, सगळं बघून होतं. आणि त्याच पोरीची अकरावी कुठे ठरते? इंटरनेटच्या दुकानात. दुकानदार विचारतो, कुठलं कॉलेज टाकू. बाप म्हणतो, शेजारच्या पोरानं टाकलंय तेच टाका. शाखा तर मार्कांवरच ठरलेली असते. जास्त पडले की सायन्स, मधले कॉमर्स, उरलेले आर्ट्सला. दळण टाकून यावं तसं काम उरकतं.

"मोबाईलात फोटो बघून पोरगी देतंय का कुणी?" आत्या विचारायच्या.

स्थळ वर्षभर आधी बघून ठेवायचं, हा त्यांचा नियम. निकाल लागल्यावर घाई होते आणि घाईत माणूस मिळेल ते पदरात घेतो. म्हणून पोर नववीत गेलं की त्या आईला गाठायच्या. दहावीच्या सुट्टीत जातीच्या दाखल्याची कागदं गोळा करायला लावायच्या, कारण पुढे बारावीनंतर जात पडताळणीच्या त्या व्हॅलिडिटीपायी कितीतरी पोरांच्या हातातल्या जागा जातात. आणि कॉलेजात गेल्यावर नुसती इमारत बघून भुलायच्या नाहीत. संडासाला आतून कडी आहे का, प्रयोगशाळेचं कुलूप गंजलंय का, पोरी दुपारी डबा कुठे बसून खातात, हे बघायच्या. प्राचार्यांनी चहा मागवला तर हात जोडायच्या. पसंती कळवल्याशिवाय आमी चहा घेत नाही, म्हणायच्या. एका प्राचार्यांनी तो चहा मग स्वतःच प्यायला, मी होते तिथे.

एकदा आम्ही एका खेड्यातल्या ज्युनिअर कॉलेजात गेलो. इमारत छान, रंग नवा, वर्गात मात्र चिटपाखरू नाही. पोरं कुठे आहेत म्हटल्यावर तिथला कारकून सहज बोलून गेला की पोरं लातूरला क्लासला असतात, इथे फक्त नाव असतं, परीक्षेपुरती येतात. सोबतची आई खूश झाली, तिला हेच हवं होतं. आत्या मात्र बराच वेळ त्या रिकाम्या बाकांकडे बघत राहिल्या. "म्हंजी नवरी एका गावात आन लगीन दुसऱ्या गावात," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. त्या आईनं पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

परतीच्या गाडीत त्यांचा एक रिवाज होता. आईला पलीकडच्या बाकावर बसवायचं आणि पोरीला आपल्याजवळ. गाडी सुटली की पोरीला हळूच विचारायचं, "पटलं का?" आई कान टवकारून बसायची, पण गाडीच्या खडखडाटात काही ऐकू जायचं नाही. पोरगी काय बोलली ते आत्या उतरल्यावर सांगायच्या, आणि ती बोलली असेल तेच सांगायच्या. पोरगी नाही म्हणाली तर नाही. मग आईनं कितीही आदळआपट करू दे.

एवढा हट्ट कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं.

सगळ्या गल्लीच्या त्या आत्या, पण त्यांची सख्खी भाची एकच, संगीता. भावाच्या गावात कॉलेज नव्हतं म्हणून तिला त्यांनी शिकायला इथे ठेवून घेतलं होतं. ती अकरावी सायन्सला होती. हुशार पोर, प्रयोगाच्या तासाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची. त्याच वर्षी पेडगावचं स्थळ आलं. बागायती जमीन, निर्व्यसनी मुलगा, जेवढ्याला तेवढं बोलणारी सासू. आत्यांनी स्वतः जाऊन विहीरसुद्धा बघितली. सगळं चोख होतं. भावाला कळवलं, बैठक झाली, सुपारी फुटली. लग्न झालं तेव्हा संगीताची अकरावीची परीक्षा तोंडावर होती.

आणि खरंच, नवरा चांगला निघाला. आजही चांगलाच आहे. आत्यांचं चुकलं ते एवढंच, की संगीताला कुणी विचारलं नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी तिनं आत्यांना म्हटलं होतं की मला बारावी तरी होऊ दे. आत्या म्हणाल्या होत्या, अगं, मागून करता येतंय. मागून कुठलं येतंय? संगीता सासरी गेली ती पुन्हा आत्यांच्या घराची पायरी चढली नाही. लग्नाकार्यात समोर आली तर पाया पडायची आणि बाजूला व्हायची. तोंडातून एक शब्द नाही. माणसानं भांडावं हो, भांडण मिटतं तरी. हे असलं गप्प राहणं फार वाईट.

त्या संगीताची मुलगी श्रावणी दहावीत गेली, तेव्हा आत्यांचं पोटाचं दुखणं सुरू झालेलं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्ही समजलो. त्याही समजल्या. थोडं बरं वाटलं त्या दिवशी त्या कुणाला न सांगता परभणीला गेल्या आणि एकट्याच कॉलेजं बघून आल्या. संध्याकाळी मला बोलावून घेतलं. चेहरा पार उतरला होता, पण डोळ्यांत उत्साह होता. एक कॉलेज सापडलंय म्हणाल्या. सायन्सची प्रयोगशाळा उघडी असते, शिकवायला मॅडम आहेत, बसस्टँड जवळ आहे. संगीताला तेवढं कळवा, माझं नाव घेऊ नका.

मी फोन केला. नाव न घेता कॉलेजचं सांगायला लागले तर संगीतानं मध्येच विचारलं, "आत्यानं बघितलं ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाली की सायन्सचंच बघितलं असेल तर ठीक आहे, श्रावणीची परीक्षा झाली की येते भेटायला.

आत्यांना हे सांगितलं तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी पोरगी येणार होती. त्या दिवसापासून त्या जेवायला लागल्या, औषधाला नाही म्हणेनात. मला वाटलं, या आता त्या भेटीसाठीच तग धरणार. त्यांनी तसंच केलं.

एप्रिलच्या उन्हात संगीता लेकीला घेऊन आली. येताना घरची मूगडाळ आणली होती. आत्यांच्या पायाशी बसली आणि कॉलेजबद्दल विचारायला लागली. आत्या सांगत होत्या, ती ऐकत होती, मध्येच दोघी एकदम हसल्यासुद्धा. मी चहा करून आणला. आत्या म्हणाल्या, आता दोघी जरा बाहेर बसा, मला पोरीशी बोलायचंय. संगीता ओसरीवर गेली. मी औषध द्यायचं होतं म्हणून आतच थांबले, म्हणून हे तुम्हाला सांगू शकते.

त्यांनी श्रावणीला जवळ घेऊन पटतंय का म्हणून विचारलं. पोरगी खाली मान घालून नखाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "आजी, मला सायन्स नको. मला आर्ट्स घ्यायचंय. भूगोल आवडतो मला. आईला सांगू नका, ती लय वर्षं झाली माझ्या सायन्सचं बोलायली."

मी आत्यांकडे बघितलं. त्यांच्या हातात होतं हो सगळं. गप्प बसल्या असत्या तर भाची परत आली होती, शेवटचे दिवस सुखाचे गेले असते. पोरीनंही सांगू नका असंच म्हटलं होतं. आम्ही कुणी त्यांना दोष दिला नसता. मी तर मनातल्या मनात म्हणत होते, आत्या, नका बोलू.

त्यांनी संगीताला हाक मारली. ती आत आली, हसत आली. आत्यांनी सरळ सांगून टाकलं की तुझ्या लेकीला सायन्स नकोय, तिला भूगोल शिकायचाय, तिच्या मनासारखं होऊ दे.

संगीताच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. ती काही आवाज चढवून बोलली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "तुमी विचारलं होतं का मला?"

"न्हाई विचारलं," आत्या म्हणाल्या. "म्हणून तर बोलायले. तू तरी इचार."

संगीतानं पिशवी उचलली, लेकीचा हात धरला आणि निघून गेली. चहा तसाच राहिला. आत्यांनी भिंतीकडे कूस वळवली. मला राग आला होता, मी म्हटलं, कशाला बोललात, ती आली होती ना परत. त्या म्हणाल्या, "ती बारावीचं बोलली तवा ह्या घरात तिच्या बाजूनं कुणी बोललं न्हाई, बाई."

मे महिन्यात आत्या गेल्या. दहावीचा निकाल त्यांनी बघितला नाही. गर्दी मोठी होती. त्यांनी जुळवलेल्या सोयरिकींतली माणसं होती, आणि त्यांच्याबरोबर कॉलेज बघायला गेलेल्या पोरीही होत्या, कुणी नर्सिंगच्या, कुणी शेतकी कॉलेजातल्या. चिटपाखरू नसलेल्या कॉलेजवरून रुसलेली ती आईसुद्धा रडत होती. संगीता आली, पाया पडली आणि मागे जाऊन उभी राहिली. श्रावणी दिसली नाही. मला वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणावर ते कळत नव्हतं.

जूनमध्ये एक दिवस संगीताचा फोन आला. आर्ट्सला भूगोल नीट शिकवतात असं परभणीत कुठलं कॉलेज आहे, आणि मी सोबत येईन का, असं विचारत होती. आवाज कोरडाच होता. मी येते म्हटलं. आणखी बोलायला गेले असते तर रडले असते.

कॉलेज चांगलं निघालं. श्रावणीनं भूगोलाच्या सरांना इतके प्रश्न विचारले की तेच खुर्ची ओढून बसले. प्रवेशाचं काम दुपारपर्यंत झालं. श्रावणी पुढे गेटपर्यंत गेली होती, मी तिच्या मागे. वळून बघितलं तर संगीता नव्हती. परत गेले. ती खालच्या मजल्यावरच्या सायन्सच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. आत बारावीची पोरं प्रयोग करत होती, एक पोरगी परीक्षानळी उजेडात धरून बघत होती. दारात कोणी उभं आहे इकडे तिचं लक्ष नव्हतं.

श्रावणी मागून आली आणि आईला हाक मारणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. आत्या असत्या तर त्यांनीही तेच केलं असतं. आम्ही दोघी व्हरांड्यातल्या कट्ट्यावर बसून राहिलो. माझी पूर्णेची गाडी गेली, त्यांची पेडगावची बसही गेली असणार. आतला तास संपेपर्यंत संगीता तिथेच उभी होती.