रिकामा कोनाडा

पुस्तक कुठलंही असो, नसीमा आधी हात धुऊन यायची. कॉलेजच्या लायब्ररीत मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असंच. ओले हात ओढणीला पुसत ती कव्हर गेलेल्या एका संतचरित्रासमोर बसली. मी म्हटलं, "अगं, त्या पुस्तकावरच केवढी धूळ आहे!" तर म्हणाली, "ती पुस्तकाची धूळ. त्यात माझी कशाला घालू?"

ती उलव्याला राहायची, कोकणी मुसलमान घरातली. मी तळवलीची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वर्गात चार वाक्यं बोलायचीही मला धास्ती वाटे. पण देवाधर्मात मी स्वतःला श्रीमंत समजायचे. बाबा गावच्या भजनी मंडळाचे बुवा. अभंग मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ. नसीमाने एकदा मला एक म्हणायला लावला आणि संपल्यावर विचारलं, "हे मनापासून म्हटलंस की सवयीने?"

हा तिचा नेहमीचा प्रश्न. सिनेमातला नायक देवळात घंटा बडवत ओरडू लागला की ती आधी हसायची, "याच्या देवाला कमी ऐकू येतं काय गं?" मग गंभीर होऊन म्हणायची, "पण ओरडतोय मनापासून हां." त्या अभंगाच्या दिवशी मी मात्र विषय बदलला. हेवा बहुतेक तिथेच सुरू झाला.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने स्पर्धेसाठी एकांकिका बसवली. मिठागरात राबणाऱ्या एका बाईच्या घरातला देव उधाणात वाहून जातो आणि ती रोज रिकाम्या कोनाड्याची पूजा करत राहते, अशी गोष्ट. ही बाई मीच करणार, असं मी धरून चालले होते. निवडीच्या वेळी मी डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आमचा दिग्दर्शक म्हणाला, "तू हरवलेली वस्तू शोधतेयस." मग नसीमा त्या कोनाड्यासमोर नुसती बसली, आणि आत कोणीतरी आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

"कसं केलंस?" मी विचारलं.

"लहानपणी अब्बांबरोबर मशिदीत जायचे. तिथे समोर कोनाडाच असतो, रिकामा. त्यात शोधायचं काय?"

भूमिका तिला मिळाली. माझ्या हातात संहिता देऊन मला विंगेत उभं केलं, कोणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायला.

भूमिकेसाठी टाळ वाजवायला शिकायचं म्हणून ती आमच्या घरी आली. बाबांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. ती गेल्यावर मला म्हणाले, "ही पोर आदी ऐकते, मंग वाजवते. तू निसती म्हनत जातेस." मी त्या दिवशी जेवले नाही.

स्पर्धेत सगळं नीट चाललं होतं. शेवटच्या स्वगताला ती अडली. तिने विंगेकडे पाहिलं. माझं बोट त्याच ओळीवर होतं. मी ओठ मिटून घेतले.

ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, मग वळली. टाळ खाली ठेवले, पदराच्या गाठीतलं चिमूटभर मीठ कोनाड्यात ठेवलं आणि बसून राहिली. एक शब्द नाही. सभागृहात कोणी खोकलंही नाही. शेवटी प्रकाश विझत गेला आणि टाळ्या सुरू झाल्या. प्रेक्षकांत बसलेले बाबा टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी हात जोडले होते. माझं गाणं ऐकून त्यांनी कधी हात जोडलेले मला आठवत नाहीत.

अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला मिळालं. परीक्षकांनी त्या शांततेचंच कौतुक केलं. नसीमा मात्र वर्षभर त्याबद्दल माझ्याशी काही बोलली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

पुढे शिकायला ती हैदराबादला निघाली, तेव्हा मी उलव्याला भेटायला गेले. ती खोक्यात पुस्तकं भरत होती. हात अर्थातच धुतलेले. वर न बघता तिने विचारलं, "कल्पे, त्या दिवशी चुकून की मुद्दाम?"

"मुद्दाम."

"चल, एक गोष्ट तरी मनापासून केलीस."

मला रडू आलं. तरी विचारलंच, "तू तेव्हा काय करत होतीस? प्रार्थना?"

"प्रार्थना कसली! तुला शिव्या घालत होते. मनातल्या मनात, मच्छीमार्केटातल्या सगळ्या. मग त्या संपल्या. मग नुसता कोनाडा उरला." आणि मला म्हणाली, "ते चार ग्रंथ इकडे दे. आधी हात धू."

बाबा अजून विचारतात, "ती टालवाली पोर काय करते गं?" मी सांगते, बरी आहे. हेवा काही गेलेला नाही. पूर्वी तो तिच्या भूमिकेचा होता. आता तिच्या शिव्या संपल्या याचा वाटतो. माझ्या अजून चालूच आहेत.